उसाला वजनकाटा आहे, दातांना?

वेडेवाकडे दात सरळ करताना चांगले दात काढायचे की ठेवायचे, या जुन्या वादात आता संगणकही आपले मत देऊ लागला आहे. ते मत किती मानायचे?

इंदापूर तालुक्यातल्या एका गावातून आई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन बारामतीच्या दवाखान्यात आली आहे. मुलीचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वरचे दोन्ही सुळे ओळीबाहेर. डॉक्टर तपासतात, मापे घेतात, एक्स-रे पाहतात आणि सांगतात, ‘‘ताई, जागा कमी आहे. तारा लावण्याआधी चार दात काढावे लागतील.’’

‘‘अहो डॉक्टर, हिचा एकही दात किडलेला नाही. चांगले दात कशाला काढायचे?’’

आई मुलीला घेऊन पुण्याला जाते. तिथले डॉक्टर म्हणतात, ‘‘जबडा थोडा रुंद करून पाहू. दात न काढताही जमेल.’’ आता आई अधिकच गोंधळते. दोघेही शिकलेले, दोघेही अनुभवी. मग खरे कोणाचे? घरी आल्यावर धाकटे दीर सहज बोलून जातात, ‘‘वहिनी, उसाला पाणी कधी द्यायचं ते आता मोबाइलवर कळतं. दातांचंही त्यालाच विचारा की!’’

हा प्रसंग कोणा एका घरातला नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावी घडू शकेल असा आहे. पण दीरांचे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीतले सेन्सर आणि हवामान केंद्राच्या नोंदी एकत्र करून शेतकऱ्याला पाणी आणि खताचा सल्ला देणारा हा प्रयोग. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला त्याचे कौतुक केले आणि बारामतीचे नाव जगभर गेले. उसाला जे जमते ते दातांना का जमू नये, हा प्रश्न त्यामुळे इथल्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे: बरेचसे जमते. पण उसाकडे असलेली एक गोष्ट दातांकडे नाही, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे.

दोन डॉक्टर, दोन मते

आधी दोन डॉक्टरांची मते वेगळी का, ते पाहू. वेडेवाकड्या दातांचे मूळ कारण बहुधा जागेची टंचाई हे असते. दातांची एकूण रुंदी जास्त आणि जबड्याची कमान लहान, म्हणजे दहा जणांच्या बाकावर बारा जण बसल्यासारखे. मग मार्ग तीन. बाक मोठा करायचा, म्हणजे कमान रुंद करायची. बसणाऱ्यांना थोडे पुढे-मागे सरकवायचे. नाही तर दोघांना उठवायचे, म्हणजे दात काढायचे. काढले जातात ते बहुतेक वेळा सुळ्यामागचे दात, म्हणजे पहिल्या उपदाढा. उजवी-डावीकडची आणि वर-खालची मिळून चार.

टंचाई फारच मोठी असेल किंवा अगदीच किरकोळ असेल, तर तज्ज्ञांचे सहसा एकमत होते. वाद होतो तो मधल्या मुलांबाबत. दात न काढता ओळ सरळ केली तर पुढचे दात आणखी पुढे येतील का, ओठ मिटताना ताण पडेल का? दात काढले तर चेहरा चपटा दिसेल का? याचे उत्तर फुटपट्टीवर मिळत नाही. आणि काढलेला दात परत बसवता येत नाही, म्हणून आईची काळजी रास्तच आहे.

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. आधुनिक दंतरचनाशास्त्राचा पाया घालणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या चुकीच्या जुळणीचे वर्गीकरण केले. ते आजही शिकवले जाते. निसर्गाने दिलेले सगळे दात नीट बसवता येतात, ते काढू नयेत, असे त्यांचे ठाम मत होते. कॅल्व्हिन केस यांना ते मान्य नव्हते. १९११ मध्ये या प्रश्नावर जाहीर वादविवाद झाला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पाहिले, की दात न काढता उपचार केलेल्या आपल्या अनेक रुग्णांचे दात पुन्हा बिघडले आहेत. त्यांनी त्यांच्यावर दात काढून नव्याने उपचार केले आणि वारे उलटे फिरले.

ते किती फिरले हे सांगणारी एक नोंद आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यात चाळीस वर्षांत किती रुग्णांचे दात काढले गेले, याचा आढावा विल्यम प्रॉफिट यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये हे प्रमाण ३० टक्के होते. १९६८ मध्ये ते ७६ टक्क्यांवर गेले. १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत माणसांचे जबडे काही लहान-मोठे झाले नव्हते. बदलली होती ती डॉक्टरांची मते, तंत्रे आणि ‘चांगला चेहरा’ कशाला म्हणायचे याची कल्पना.

हे आकडे लक्षात ठेवा. संगणकाच्या सल्ल्याकडे वळल्यावर ते पुन्हा लागणार आहेत.

पहिले काम मोजण्याचे

डेटा सायन्स म्हणजे जुन्या नोंदींतून नवा अंदाज बांधण्याचे शास्त्र. दातांच्या उपचारात त्याचे पहिले आणि सर्वांत भरवशाचे काम आहे मोजमापाचे.

चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक खास एक्स-रे असतो, सेफॅलोग्राम. डोके ठरावीक अंतरावर स्थिर धरून तो काढतात, त्यामुळे वर्षावर्षाने काढलेले एक्स-रे एकमेकांशी ताडून पाहता येतात. ही पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. या एक्स-रेवर नाकाचे मूळ, हनुवटीचे टोक, दातांची टोके अशा खुणा करून त्यांच्यातले कोन आणि अंतरे मोजतात. वरचा जबडा पुढे आहे की खालचा मागे, दात किती कललेले आहेत, हे त्यावरून कळते.

हाताने या खुणा करायला वेळ लागतो, संगणक त्या काही क्षणांत करतो. मग त्या बरोबर असतात का? हे तपासण्यासाठी २०१५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तैवानच्या एका रुग्णालयातील ४०० रुग्णांचे एक्स-रे आणि प्रत्येकावर १९ खुणा. संगणकाची खूण डॉक्टरांच्या खुणेपासून दोन मिलिमीटरच्या आत पडली तर ती बरोबर धरायची. तेव्हाच्या उत्तम प्रणालींना चारपैकी सुमारे तीन खुणा साधल्या. त्यानंतर ‘डीप लर्निंग’च्या तंत्राने हे प्रमाण बरेच सुधारले. विशेष म्हणजे त्या एक्स-रेंवर खुणा करणाऱ्या दोन डॉक्टरांमध्येही थोडाफार फरक होताच. म्हणजे या कामात संगणक अनुभवी डॉक्टरांच्या जवळ पोहोचला आहे. तो थकत नाही, आणि तोच एक्स-रे पुन्हा दिला तर तेच माप सांगतो. मात्र एखादी खूण भलतीकडेच पडली, तर ते ओळखणारी नजर डॉक्टरांचीच लागते.

दुसरे काम अंदाजाचे

दुसरे काम आहे पुढचे सांगण्याचे. याचे एक साधे उदाहरण दंतवैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो, फक्त त्याला कोणी डेटा सायन्स म्हणत नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे पुढचे कायमचे दात आलेले असतात, पण सुळे आणि उपदाढा अजून हिरडीखाली असतात. ते आल्यावर जागा पुरेल का? १९७४ मध्ये टनाका आणि जॉन्स्टन यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड भागातील ५०६ रुग्णांच्या दातांची मापे घेऊन एक सूत्र काढले. खालच्या पुढच्या चार दातांच्या रुंदीची बेरीज करा आणि तिचे निम्मे करा. त्यात १०.५ मिलिमीटर मिळवले, की खालच्या एका बाजूच्या सुळ्याला आणि दोन उपदाढांना मिळून लागणारी जागा मिळते. वरच्या जबड्यासाठी ११ मिळवा.

समजा, चार दातांची बेरीज २३ मिलिमीटर आली. निम्मे ११.५. खालच्या बाजूला २२ आणि वरच्या बाजूला २२.५ मिलिमीटर जागा लागेल. कागद-पेन्सिलीने होणारे हे गणित म्हणजे पाचशे मुलांच्या नोंदींवर उभे केलेले भाकीत आहे. आजच्या मोठ्या प्रणाली यापेक्षा शेकडो पटींनी जास्त मापे घेतात, पण मूळ विचार हाच.

आणि यातली अडचणही तीच. हे सूत्र युरोपीय वंशाच्या मुलांवरून काढलेले आहे. भारतात ते अनेक ठिकाणी तपासले गेले, तेव्हा आपल्या मुलांसाठी ते दातांची रुंदी प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगते, असे पुन्हा पुन्हा आढळले. एका बाजूला एक मिलिमीटर जास्त धरला, तर दोन्ही बाजूंची मिळून दोन मिलिमीटरची टंचाई नुसती कागदावर तयार होते. दात काढायचा की ठेवायचा या काठावर असलेल्या मुलासाठी दोन मिलिमीटर थोडे नाहीत. सूत्र चुकीचे नव्हते, ते दुसऱ्या गावच्या मुलांचे होते. इथल्या मुलांची मापे घेऊन त्यातला आकडा बदलता येतो, आणि संशोधकांनी तसे बदल सुचवलेही आहेत.

मोजमापांच्या ‘आदर्श’ आकड्यांचेही असेच आहे. सेफॅलोग्रामवरून चेहऱ्याचे विश्लेषण करण्याची एक गाजलेली पद्धत विल्यम डाउन्स यांनी १९४८ मध्ये मांडली. तिचा आधार होता बारा ते सतरा वर्षांच्या अवघ्या २० गोऱ्या मुला-मुलींचा. त्यांचे दात उत्तम जुळलेले होते, यात शंका नाही. पण त्यांच्या चेहऱ्याचा साचा बारामतीच्या मुलीला लावायचा का? पुढे वेगवेगळ्या देशांत आणि प्रांतांत, आपल्या महाराष्ट्रातही, स्थानिक मापे काढण्याचे अभ्यास झाले ते याच कारणाने. संगणकाच्या पोटात कोणते आकडे भरले आहेत हे विचारायचे, तेही याचसाठी.

तिसरे काम, सल्ल्याचे

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. दात काढायचे की नाही, हे संगणक थेट सांगू शकतो का?

असे प्रयत्न झाले आहेत. २०१० मध्ये चीनमधील संशोधकांनी ११ ते १५ वर्षांच्या २०० मुलांच्या नोंदी घेतल्या. त्यातल्या १८० नोंदींवर संगणकाला शिकवले आणि उरलेल्या २० वर त्याची परीक्षा घेतली. ८० टक्के उत्तरे डॉक्टरांच्या निर्णयाशी जुळली. निर्णयावर सर्वांत जास्त प्रभाव टाकणाऱ्या गोष्टींत एक होती, ओठ न मिटल्यामुळे पुढचे दात उघडे राहणे. दुसरी, खालच्या पुढच्या दातांचा कल. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी १५६ रुग्णांवर असाच प्रयोग केला, तिथे ९३ टक्के उत्तरे जुळली.

आकडे ऐकायला छान वाटतात, पण ते वाचायची एक रीत आहे. चीनच्या अभ्यासातल्या २०० मुलांपैकी १२० जणांचे दात काढले गेले होते. म्हणजे काहीही न पाहता प्रत्येकाला ‘काढा’ म्हणणारे यंत्रही १०० पैकी ६० वेळा ‘बरोबर’ ठरले असते. तेव्हा ८० टक्क्यांची तुलना शून्याशी नव्हे, ६० शी करायला हवी. शिवाय परीक्षा फक्त २० मुलांची होती. त्यात ८० टक्के म्हणजे १६ उत्तरे. दोन उत्तरे इकडची तिकडे झाली असती, तर निकाल ७० किंवा ९० टक्के दिसला असता.

याहून मोठा मुद्दा पुढे आहे. इथे ‘बरोबर’ म्हणजे काय? डॉक्टरांनी जे केले तेच संगणकाने सांगितले, की उत्तर बरोबर. डॉक्टरांनी केले ते त्या मुलासाठी योग्य होते का, हे त्यात तपासलेलेच नाही. १९६८ च्या नोंदींवर शिकलेले यंत्र चारपैकी तिघांचे दात काढायला सांगेल आणि १९९३ च्या नोंदींवर शिकलेले बहुतेकांचे दात ठेवायला. दोन्ही यंत्रांना आपापल्या परीक्षेत भरघोस गुण मिळतील.

काटा कुठे आहे?

आता पुन्हा उसाकडे वळू. शेतकऱ्याने सल्ला ऐकून पाणी कमी दिले, खत वेळेवर दिले. हंगाम आला, तोड झाली, गाडी कारखान्याच्या काट्यावर गेली. एकरी किती टन पडला ते पावतीवर आले. सल्ला बरा होता की नाही, याचा निकाल साधारण वर्ष-दीड वर्षात लागतो. तो आकडा परत संगणकाला देता येतो आणि पुढच्या हंगामाचा सल्ला सुधारतो. आपल्या भागात काटामारीवर एवढी भांडणे होतात ती उगाच नाहीत. काटा खोटा असेल तर सगळा हिशोबच खोटा ठरतो, हे शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे.

दातांच्या उपचारात हा काटा कोणता? तारा काढल्याच्या दिवशी सगळ्यांचेच दात सुंदर दिसतात. खरा निकाल त्यानंतर दहा-वीस वर्षांनी लागतो. दात जागेवर राहिले का? चावण्याला त्रास नाही ना? हिरड्या निरोगी आहेत ना? आणि तिशीतल्या त्या बाईला आरशात आपला चेहरा आवडतो का? तोवर मुलगी शिकून नोकरीला गेलेली असते, लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. दवाखान्यातली फाइल कधीच रद्दीत गेलेली असते.

हा काटा लावून पाहणारे थोडे लोक झाले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून त्यांच्या दातांचे साचे घेतले. १९८८ मध्ये त्यांनी ३१ जणांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या सर्वांच्या चार उपदाढा काढून उपचार झाले होते. रिटेनर वापरणे थांबवल्यानंतर वीस वर्षांनी दहापैकी जेमतेम एकाच्या खालच्या दातांची ओळ समाधानकारक राहिली होती. ‘दात काढले की ओळ कायमची सरळ’ हा समज या एका कामाने मोडला. याचा अर्थ दात न काढणे चांगले, असाही नाही. दात न काढलेल्यांचे दातही सरकतात. कधीच उपचार न घेतलेल्यांचेही वयाबरोबर थोडे सरकतात. यातून घ्यायचा धडा असा, की तारा निघाल्यावर रिटेनर नियमित आणि दीर्घकाळ वापरायला हवा. पालक हा सल्ला सर्वांत आधी विसरतात.

३१ माणसांना वीस वर्षांनी शोधून काढण्याने जे कळले, ते हजारो एक्स-रे संगणकात भरून कळले नसते. नोंदींची संख्या मोठी असण्यापेक्षा त्यांच्या शेवटी निकाल लिहिलेला असणे जास्त मोलाचे आहे.

आपल्याकडे उपयोग कुठे?

मग दीरांचा सल्ला मोडीत काढायचा का? मुळीच नाही. उलट, बारामती-इंदापूरसारख्या भागात संगणकाचा सर्वांत मोठा उपयोग ‘काढू की ठेवू’ या प्रश्नाच्या खूप आधी आहे. योग्य वयात योग्य मूल तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे, हा तो उपयोग.

तालुक्याच्या ठिकाणी दातांची रचना सुधारणारे तज्ज्ञ अनेकदा ठरावीक वारीच येतात. दंत महाविद्यालये आहेत पुण्यात आणि पिंपरीत. इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरहून जास्त. उपचार दीड-दोन वर्षे चालणार आणि दर महिन्या-दीड महिन्याला फेरी. प्रत्येक फेरीला एकाचा रोज बुडतो आणि मुलाची शाळा. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ असे होते, आणि वेळ निघून जाते.

ती निघून गेली तर काय होते, याचे उदाहरण वरच्या सुळ्याचे. हा दात साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतो. कधी कधी तो वाट चुकतो आणि टाळूच्या बाजूला अडकतो. स्वीडनमधील एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की दहा ते तेरा वर्षांच्या मुलांत अशा वेळी नुसता दुधाचा सुळा काढला, तरी ४६ पैकी ३६ कायमचे सुळे आपोआप योग्य वाटेवर आले. त्या वेळी कोणी पाहिलेच नाही, तर पुढे हिरडी कापून, साखळी लावून तो दात ओढून आणावा लागतो. चांगला निर्णय आणि वेळेवरचा निर्णय इथे एकच आहेत.

खालचा जबडा मागे राहिलेल्या मुलांतही वयाचे असेच महत्त्व. जबड्याच्या वाढीचा जोर असताना दिलेली साधने जास्त काम करतात. तो जोर कधी असतो हे जन्मतारखेवरून नीट कळत नाही, कारण एकाच वर्गातली दोन मुले वाढीच्या वेगळ्या टप्प्यावर असतात. सेफॅलोग्रामवर दिसणाऱ्या मानेच्या मणक्यांच्या आकारावरून त्याचा अंदाज बांधतात. डॉक्टरांचे यात मतभेद होतात. इथे संगणकाचे दुसरे मत उपयोगी पडू शकते.

शाळांमधली तपासणी हे तिसरे ठिकाण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळांमधील मुलांची तपासणी होते आणि दातांचे आजार, दुभंगलेले ओठ-टाळू यांचीही नोंद होते. या वेळी मुलाच्या दातांचे मोबाइलवर काढलेले तीन-चार फोटो एखाद्या चांगल्या प्रणालीने चाळले, तर ‘हे मूल लवकर दाखवा’, ‘याला वर्षाने पाहा’, ‘याला काही नको’ अशी यादी करता येईल. उपचाराची गरज पाच पायऱ्यांत मोजणारी एक पद्धत ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये मांडली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत कोणावर आधी उपचार करायचे हे आजही तिच्या आधाराने ठरते. तशी यादी इथे झाली, तर महिन्यातून दोनदा येणाऱ्या तज्ज्ञाचा वेळ खऱ्या गरजूंना मिळेल. फक्त एक लक्षात ठेवायचे. फोटोत हिरडीखालचे काही दिसत नाही. अडकलेला सुळा फोटो पाहून ‘सगळे ठीक’ ठरवला जाऊ शकतो. म्हणून ही चाळणी तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी वापरायची, घरी परत पाठवण्यासाठी नव्हे.

आणि चौथा उपयोग, फेऱ्या कमी करण्याचा. उपचार सुरू असताना घरून पाठवलेले फोटो पाहून ‘तार नीट आहे, पंधरा दिवसांनी या’ किंवा ‘उद्याच या’ एवढे कळले, तरी निमगाव केतकीच्या किंवा भिगवणच्या घराचा एक दिवस वाचतो.

नोंद आपली हवी

या सगळ्यासाठी लागणारी गोष्ट मात्र विकत मिळत नाही. ती म्हणजे आपल्या मुलांच्या, नीट ठेवलेल्या, शेवटपर्यंत पाठपुरावा केलेल्या नोंदी. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात दंत महाविद्यालये आहेत, शाळा तपासणीची यंत्रणा आहे आणि खासगी दवाखाने तर आहेतच. प्रत्येकाने उपचारापूर्वीची मापे, घेतलेला निर्णय, त्याचे कारण, उपचारानंतरची स्थिती आणि पाच-दहा वर्षांनंतरची स्थिती एकाच पद्धतीने लिहून ठेवली, तर इथल्या मुलांसाठी इथला सल्ला तयार होईल. काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे फळ दहा वर्षांनी मिळणार आहे. पण फळबाग लावणाऱ्यांच्या या भागात वाट पाहणे नवीन नाही.

मुलांची माहिती गोळा करताना नियम पाळावेच लागतील. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याच वर्षी आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. चेहऱ्याचा फोटो आणि एक्स-रे ही मुलाची खासगी गोष्ट आहे. ती कुठे जाते, कोण पाहते, हे विचारण्याचा हक्क आईला आहे.

दवाखान्यात काय विचाराल?

तुमच्या मुलांसाठी अशी वेळ आली, तर घाबरू नका आणि गुगलवर रात्र जागवू नका. हे प्रश्न विचारा.

- जागा नेमकी किती मिलिमीटर कमी आहे? वर किती, खाली किती?
- दात काढले तर काय होईल आणि न काढले तर काय होईल? दोन्हींचे फायदे-तोटे सांगा.
- ओठ आणि चेहऱ्यावर काय परिणाम होईल?
- आता थांबले तर काही बिघडेल का? सहा महिने थांबून पुन्हा मापे घेता येतील का?
- संगणकाचा अहवाल वापरला असेल, तर त्यातल्या खुणा तुम्ही स्वतः तपासल्या का? त्यातली मापे भारतीय मुलांशी ताडून पाहिली का?
- तारा निघाल्यावर रिटेनर किती काळ आणि कसा वापरायचा?

मुलांच्या दातांची रचना सातव्या वर्षापर्यंत एकदा तज्ज्ञाने पाहावी, असे अमेरिकेतली दंतरचनातज्ज्ञांची संघटना सुचवते. याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावायच्या असा नाही. बहुतेक मुलांना तेव्हा काहीच लागत नाही. ज्या थोड्यांना लागते, त्यांची वेळ चुकत नाही, एवढाच फायदा. आणि ऑनलाइन मागवलेल्या साच्यांवर, एक्स-रे आणि प्रत्यक्ष तपासणी न करता, दात सरकवण्याच्या फंदात पडू नका.

सुरुवातीच्या त्या आईने हे प्रश्न घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा जावे. कदाचित तिला कळेल, की तिची मुलगी त्या मधल्या काठावर आहे. तिथे दोन्ही मार्गांनी दात सरळ होऊ शकतात, फरक आहे तो चेहऱ्याच्या ठेवणीत आणि उपचाराच्या मुदतीत. मग निर्णय तिचा, मुलीचा आणि डॉक्टरांचा मिळून होईल. संगणक त्यांच्यासमोर मापे अचूक ठेवील, एखादी सुटलेली गोष्ट दाखवील. आणि वीस वर्षांनी त्या मुलीला पुन्हा बोलावून कोणी तिचे दात पाहिले आणि ते लिहून ठेवले, तर तिच्यानंतरच्या मुलीला मिळणारा सल्ला आजच्यापेक्षा चांगला असेल.